सुई संपेपर्यंत

पिटुकलीची दुपारची झोप म्हणजे मांजराची झोप. कप जरा जोरात ठेवला तरी टक्क डोळे उघडायची. तेवढ्या झोपेत ओटा आवरायचा की प्रोग्रामिंग शिकायचं, हा तिच्या आईपुढे रोजचा पेच. ओटा बहुतेक वेळा हरायचा.

आज तर पेचच नव्हता. कॉम्प्युटरच्या वर्गातल्या बाईंनी संध्याकाळपर्यंत एक प्रोग्राम मागितला होता: कीबोर्डवरच्या खुणांनी स्क्रीनवर नक्षी काढायची. मागचा स्वाध्याय पिटुकलीच्या तापात बुडाला होता. हाही बुडाला की वर्गातून नाव कमी. बाईंनी हे गोड आवाजात सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

नक्षी कुठली काढावी? तिला एकच काम झोपेतही जमायचं, विणकाम. सुलट टाक्याला टिंब, उलट टाक्याला रेघ. दोन सुलट, दोन उलट. पुढच्या ओळीत एक टाका सरकायचं, पुन्हा तेच. लिहून झालं. तिने जीव मुठीत धरून बटण दाबलं.

आणि ओळी धावू लागल्या. स्क्रीन भरली, तरी थांबेनात. टिंबं, रेघा, टिंबं, रेघा, वर वर पळत सुटलेल्या. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. लॅपटॉप नवऱ्याच्या ऑफिसचा.

"काय गं केलंस?" सासूबाई हातातल्या सुयांसकट आत आल्या. "बंद कर आधी, पेटेल!"

"मी काही नाही केलं हो आई! विणायला सांगितलं फक्त."

"मग थांबत का नाही मेलं?"

"थांब असं म्हटलंच नाही मी."

"त्यात म्हणायचं काय? सुई संपली की आपसूक कळतं."

"त्याला सुई कुठे आहे, आई?"

बोलून गेली आणि मग तिच्याच लक्षात आलं. खरंच की. त्याला सुई नव्हती, मान अवघडत नव्हती, डाळ उतू जात नव्हती. कुणीतरी पुरे म्हणेपर्यंत ते विणत राहणार होतं. या घरात तिचं बोलणं आजवर कुणी असं शब्दन्‌शब्द ऐकलं नव्हतं; पिटुकलीने तर नाहीच नाही.

तिने ते कसंबसं बंद केलं आणि एक ओळ वाढवली: चाळीस ओळी झाल्या की थांब.

पापणी लवायच्या आत नक्षी उमटली आणि गुपचूप उभी राहिली. तिरप्या रेषा, एका मापाच्या, कुठे ओढ नाही, कुठे ढिलाई नाही. मग तिला धीर आला. दर वीस ओळींनी उलट्या बाजूला सरकायला सांगितलं, तर रेषा मध्यावरून वळून परत आल्या. चाळीसचे चारशे केले, तर नागमोडी चादरच्या चादर उलगडत गेली.

सासूबाई चष्मा सावरत पुढे झुकल्या. "आणि चुकली तर? सगळं उसवायचं?"

"एक आकडा बदलायचा."

बोटाच्या टोकाने त्यांनी काचेवरची एक रेष हळूच चाचपली, लोकरीचा पोत बघावा तशी.

तेवढ्यात आतून टाहो फुटला. ती खुर्चीतून अर्धी उठली. प्रोग्राम अजून पाठवायचा होता.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "रडून काही विरघळत नाही ती. पाठव आधी."

तिने पाठवलं. दार लोटून सासूबाई पिटुकलीला कडेवर घेऊन आल्या, तोवर बाईंचं उत्तर आलं होतं: 'मिळालं. पुढच्या धड्याला भेटू.'

ती नुसतीच बघत राहिली. पिटुकलीही रडू विसरून त्या नागमोडी चादरीकडे बघत होती, गालावर उशीची वळी घेऊन.

"वेणीची वीण येते का गं त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. मला सांगावी लागेल."

"मग सांग की," त्या म्हणाल्या आणि पिटुकलीला मांडीवर घेऊन तिच्या शेजारीच स्टूल ओढून बसल्या.