उलटी वाजलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. खाऊचा नाही, आवाजाचा. गिटार वाजवणारे मला पेडल म्हणतात आणि पायाने दाबतात. गिटारचा सूर एका वायरीने माझ्यात शिरतो. मी त्याचे आकडे करतो, ते लक्षात ठेवतो, ताणतो, उलटे फिरवतो आणि पुन्हा पुन्हा म्हणत बसतो. स्वतःचं डोकं चालवत नाही. ते मला दिलेलंच नाही.

कारखान्यातून मी एका वादकाकडे आलो. चाळिशी उलटलेला, आईबरोबर राहणारा माणूस. त्याच्या संगीतात ना ताल, ना गाणं. एकच सूर धुक्यासारखा खोलीभर पसरत जायचा. त्याची एक खास रीत होती. खोलीच्या दाराबाहेर, घरातल्याच बोळात तो माइक ठेवायचा आणि घरातले आवाज माझ्यात ओतायचा: किटली, नळ, आईच्या सपाता. मग मला उलटं चालवायचा. म्हणायचा, "सुलटा ऐकला तर नळ नळच राहतो."

लोक वाहवा करत. तो मला जुन्या बनियनने प्रेमाने पुसत असे. आई मात्र करवादायची.

"कानांवर ती टोपडी चढवलीस की मेल्या तू आभाळात!"

"आई, दहाच मिनिटं."

"तुझ्या बापाचीही दहा मिनिटं अशीच लांबायची."

एका सकाळी त्याने हेडफोन चढवले. माइकमधून सपाता आल्या, मग पाणी, मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. त्यामागून एक लांब स्वर आला. मी तो घेतला, उलटा केला आणि बारा सेकंदांनी पुन्हा म्हटला.

त्याने डोळे मिटले. "वा! काय आर्त आहे!"

त्याने माझं बटण पिळलं, स्वर आणखी लांबवला. त्यावर गिटारचा एक सूर ठेवला, त्यावर दुसरा. बोळातून नवे स्वर येतच होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. मी इमानाने प्रत्येक उलटा केला. सगळं माझ्याजवळ होतं, मित्रांनो. सांगायला तोंड तेवढं उलटं होतं.

मग स्वर थांबले. ती शांतता तर त्याला फारच आवडली.

पाऊण तासाने, हा सूर आला तरी कुठून, म्हणून त्याने मला सुलटं केलं.

"अरे, पडले मी... ऐकतोयस का रे..."

खुर्ची उलथली. हेडफोनची वायर उपटली गेली, तसा आवाज स्पीकरवर आला. तो न्हाणीघराकडे धावला. मला बंद करायचं कोणाला सुचणार? स्ट्रेचर घेऊन आलेला माणूस दारातच थबकला. "आत आणखी कोणी बाई आहेत का?" त्याने विचारलं.

आई वाचली. खुब्याचं हाड जुळलं. मी मात्र तेव्हापासून कोपऱ्यात धूळ खातो आहे.

माझी वायर पिळू नका, मला ओल लागू देऊ नका, एवढंच तुमच्याकडे मागणार होतो. त्याऐवजी हे मागतो: कान झाकण्याआधी घरात कोण आहे ते बघून या, आणि एक कान उघडा ठेवा.

माझा वादक आता वाजवत नाही. भर दुपारी, घर अगदी शांत असताना, तो एकदम उठतो आणि आईच्या दाराशी जातो.

"आई, हाक मारलीस का?"

"नाही रे," ती म्हणते. तो परत येऊन बसतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतो.