रक्त गोठायचा वेळ

"काका, परत एकदा लावू का?" लॅबमधल्या मशीनसमोर बसलेल्या मुलीने मान न वळवता विचारलं.

"दोनदा लावलंस ना. मशीन काय माझी भीड धरणार आहे?"

तेवीस सेकंद. निरोगी माणसाचं तेराच्या आसपास आटोपतं. एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसून काकांनी लोकांचं रक्त गोठायला लागणारा वेळ मोजला होता. आज नळीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. तरुणपणी एका रुग्णाला टोचलेली सुई त्यांच्या बोटात घुसली होती. तिच्यातून आलेली कावीळ यकृतात दबा धरून बसली आणि यकृताचा पार दगड झाला. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पण सिरॉसिस म्हटल्यावर शेजारी आवाज खाली करून बोलायचे.

बायकोने वस्तरा उचलून ठेवला, मऊ ब्रश आणला. ते जागचे उठले की तिचं सुरू व्हायचं, "अहो, जपून." हिरड्यांतलं रक्त उशीच्या अभ्र्याला लागायचं. धास्ती होती ती रक्तस्रावाचीच.

मग एकाएकी पोट दुखायला लागलं. सोनोग्राफीत यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली.

"काहीतरी घोळ आहे," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "माझं रक्त लवकर गोठतच नाही. मीच मोजतो ना."

"तुम्ही अर्धंच मोजता," बाई म्हणाल्या. "रक्त गोठवणारी द्रव्यं यकृतात तयार होतात, तशी ते गोठणं आवरणारीही तिथेच होतात. यकृत थकलं की दोन्ही घटतात. तुमच्या तपासणीत फक्त पहिली दिसतात. आकडा वाढला म्हणजे गुठळी होणार नाही, असं नाही."

"म्हणजे आता रक्त पातळ करायचं औषध?" बायकोने घाबरून विचारलं. "आधीच हे असं असताना?"

"आधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधू, म्हणजे त्या फुटून रक्तस्राव व्हायचा नाही. मग देऊ."

काकांचं लक्ष नव्हतं. त्यांना एक बसड्रायव्हर आठवला होता. दोन वर्षांपूर्वीचा, सिरॉसिसचाच रुग्ण. एक पाय सुजलेला. डॉक्टरांच्या रांगेतून उठून तो लॅबच्या खिडकीशी आला होता. "पायात गुठळी तर नसेल ना?"

काकांनी रिपोर्टवरचा आकडा पाहिला आणि हसून म्हणाले, "तुमचं रक्त तर पाण्यासारखं आहे. गुठळी कुठली व्हायला?"

तो रांग सोडून घरी गेला. आठव्या दिवशी श्वास अडकून गेल्याचं कळलं; पायातलीच गुठळी फुप्फुसात गेली असणार, हे काकांना आता उमगत होतं. कुणीही काकांना बोल लावला नव्हता.

शिरा बांधून झाल्यावर त्यांनी जुन्या रजिस्टरातून पत्ता काढला.

"कशाला उकरून काढताय?" बायको म्हणाली. "कुणाला ठाऊकसुद्धा नाही."

"मला ठाऊक झालंय ना आता."

दार ड्रायव्हरच्या बायकोने उघडलं. काकांनी उंबऱ्याशी उभं राहूनच सगळं सांगितलं, आपली चूक होती हेही.

"त्या दिवशी खुशीत आले होते घरी," ती म्हणाली. "म्हणाले, नुसती सूज आहे, लॅबवाल्यांनी सांगितलं. आठ दिवस पोटभर जेवले."

तिची नजर खाली गेली. चपलांचे पट्टे त्यांच्या सुजलेल्या पावलांत रुतले होते. तिने खुर्ची पुढे ओढली.

"बसा. पट्टे सैल करा जरा."

ते बसले, पण पाणी भरून फुगलेल्या पोटामुळे वाकता येईना. तेव्हा तीच खाली बसली आणि त्यांच्या चपलांचे बंद सोडू लागली.