वायर काढल्यावर दिसणारं पान

आठवड्यात चौथ्यांदा व्हिडिओ कॉल लागला नाही, तेव्हा लेक तडक बापाच्या घरी आली. म्हातारा सुतार दाराशीच म्हणाला, "मी ठणठणीत आहे. ते नेटच सारखं रुसतं."

नेट कसलं रुसतंय! इंटरनेटची वायर उपटून टेबलावर ठेवलेली होती. लेकीने ती जागेवर लावली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

"बाबा, याच्यापेक्षा गोगलगाय बरी. ब्राउझरमध्ये केवढं साठलंय! सगळं पुसून टाकते."

"काय साठलंय?" सुताराने चहा गाळता गाळता विचारलं.

"पाहिलेली पानं. ब्राउझर त्यांची प्रत इथेच ठेवतो, थोडी मेमरीत, थोडी डिस्कवर. परत मागितलं की लांबून आणायला नको. तुम्ही नाही का, रोजचे स्क्रू हाताशी डब्यात ठेवता?"

सुतार गाळणी तशीच टाकून धावत आला. "थांब! हात लावू नकोस!"

लेकीचं बोट बटणावरच थबकलं.

"तुझ्या आईचं पान त्यात आहे."

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. विणकाम करणाऱ्यांच्या एका साइटवर ती आपल्या स्वेटरांचे फोटो टाकायची, खाली चार ओळी लिहायची. मागच्या महिन्यात ती साइटच बंद पडली. सुताराने पान उघडलं की 'सापडत नाही' एवढंच यायचं. मग एकदा केर काढताना वायर निघाली आणि पान जसंच्या तसं समोर आलं. तेव्हापासून तो रोज सकाळी वायर काढून बसायचा आणि उठताना लावायला विसरायचा.

"मला वाटलं, वाईट बातमी त्या वायरीतून येते."

"तसंच काहीसं. वायर असली की ब्राउझर आधी त्या साइटलाच विचारतो, नसली की इथली प्रत दाखवतो. पण मला सांगायचं तरी!"

"म्हणाली असतीस, म्हातारा चळला."

"ते तर आई कधीपासून म्हणायची."

दोघं हसली. लेकीने वायर काढली, पान उघडलं. त्यावर सुताराच्या निळ्या स्वेटरचा फोटो होता. अकरा वर्षं त्या स्वेटरची डावी बाही तो दुमडून घालत आला होता, वर बायकोला मापावरून चिडवायचा. खाली लिहिलं होतं: 'डावी बाही मुद्दाम बोटभर लांब ठेवली आहे. त्याच हाताचं मनगट त्याला थंडीत दुखतं. सांगितलं तर म्हणेल, माझं काही दुखत नाही.'

लेकीने पान फोटोंसकट वेगळं उतरवून घेतलं, एक प्रत आपल्याजवळही ठेवली. मगच साठा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल पहिल्याच झटक्यात लागला. सुतार निळा स्वेटर घालून बसला होता.

"पान दिसतंय ना, बाबा?"

"दिसतंय. वायर लावलेली असताना दिसतंय," तो म्हणाला आणि डावा हात वर करून दाखवला. बाही दुमडलेली नव्हती.