एक सक्षम जामीनदार

भीमाला जामीन मिळाला त्याला पावसाळा उलटला, दिवाळी उलटली, तरी भीमा आतच. लोकांना वाटतं, जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला. कुठला सुटतोय. हुकमात पुढे एक ओळ असते, 'एक सक्षम जामीनदार द्यावा'. म्हणजे नावावर जमीन नाहीतर घर असलेला दुसरा कोणी माणूस कोर्टात उभा राहून म्हणाला पाहिजे, की याची हमी मी घेतो. असा माणूस तुम्हाला नसेल तर बसा आत, जामिनाचा हुकूम उशाला घेऊन.

मी सिद्धेश्वरी, सोलापूरच्या कोर्टात वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं सरकारकडून माझ्याकडे येतात. नाकावर राग आहे माझ्या, हे बार रूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दुपारच्या डब्याला माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असते. असू दे.

तर भीमा. टॉवेलच्या एका कारखान्यात रखवालदार होता. तिथल्या मागांच्या मोटारी चोरीला गेल्या, पोलिसांनी तिघांना धरलं, त्यात हाही. बाकीच्या दोघांचे सासरे, मेहुणे सातबारा घेऊन लगोलग हजर. राहिला हा एकटा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जेलात भेटायला गेले की दर वेळी एकच पालुपद.

"धाकटा भाऊ हाय की मॅडम, वळसंगला. नवनाथ. त्येला निरोप पोचला नसंल. तुमी सांगा, लगेच यील बगा."

निरोप पोचला होता. मीच फोन केला होता, आणि 'बघतो' म्हणून नवनाथने फोन ठेवला होता. हे भीमाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

कोर्टाच्या फाटकाजवळ भाड्याचे जामीनदार मिळतात. एक जण मागेच लागला होता, त्याला असा झापला की पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही. मी स्वतः उभी राहू शकत नाही, वकिलाने अशिलाचा जामीनदार व्हायचं नाही असा नियम आहे. अट सैल करा म्हणून अर्ज दिला, तर जज्जसाहेब म्हणाले, "भाऊ आहे म्हणता ना? मग आधी त्याला आणा." आणि पडली पुढची तारीख.

शेवटी एका रविवारी मीच वळसंगला गेले. नवनाथ अंगणात तुरी बडवत होता. मी कोण ते कळल्यावर त्याने हात थांबवला, पण बसा काही म्हणाला नाही.

"पोरीचं, चैतालीचं, लगीन जमवाय लागलोय मॅडम," तो म्हणाला. "पावनं इचारत्यात, चुलता काय करतो? काय सांगू, जेलात हाय?"

"चोरी अजून सिद्ध झालेली नाही."

"ते गावाला कोन सांगनार? तुमी?"

माझं डोकंच फिरलं. "एका सहीवाचून माणूस आत सडतोय, आणि तुम्ही पाहुण्यांचं काय घेऊन बसलात? उद्या तो आतच मेला, तर त्याला पोचवायला तरी येणार का?"

आत त्याची बायको भांडी आपटत होती. त्याने हातातली काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "सातबारा घिऊन येतो. पन त्यानं हितं यायचं न्हाय. ह्ये तुमी त्याला सांगायचं."

परतीच्या एसटीत मनात आलं, उद्या मलाच कुणी आत टाकलं तर कोण येईल? भाऊ बेंगळुरूला, बोलणं बंद. ओळखी सगळ्या वकिलांच्या, ते तर डब्यालाही शेजारी बसत नाहीत. वाटेतलं कुंभारी मागे पडलं तरी एक नाव सुचेना. मला रडू आलं. का ते सांगता येत नाही, पण आलं. कंडक्टर तिकीट विचारायला आला आणि न विचारताच पुढे गेला.

तारखेला नवनाथ आला, धुवट सदरा घालून. हल्ली कैद्याला कोर्टात आणत नाहीत, जेलातूनच पडद्यावर दाखवतात. तिकडून कुणाचं तरी ओरडणं, खोकणं येत होतं, म्हणून क्लार्कने जेलचा आवाज बंद करून टाकला. पडद्यावर भीमाला भाऊ दिसला. तो असा हसला की मला बघवेना. दोन्ही हात जोडून उभाच राहिला.

साहेबांनी कागद चाळले. "वडिलांचं नाव एकच दिसतंय. आरोपी तुमचा कोण?"

नवनाथ खाली बघत राहिला.

"तुम्हालाच विचारतोय मी. सख्खा भाऊ ना?"

"कागदावर हाय साहेब."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी चष्म्यावरून नवनाथकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. "कागदावर आहे ना? मग झालं," ते म्हणाले आणि सही केली. कोर्टाला तेवढंच लागतं.

नवनाथने जिथं दाखवलं तिथं सह्या केल्या. पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. मी जिन्यापर्यंत मागे गेले, म्हटलं निदान जेलपर्यंत तरी चला. "बस हाय माजी," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी भीमा बाहेर आला, हातात कापडी पिशवी. आधी माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना.

"त्याला बस होती," मी म्हणाले.

"व्हय. लांबचं हाय." वळसंग काही लांब नाही. आम्ही चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "काय म्हनला त्यो सायबांस्नी?"

मी तोंडावर खरं बोलणारी बाई. त्यापायी किती माणसं तोडली, त्यांत माझा भाऊही आला. पण याच्यापुढे जीभ उचलेना. "म्हणाला, माझा सख्खा भाऊ आहे साहेब, त्याची हमी मी घेतो. पोरीचं लग्न उरकलं की घरी घेऊन जातो, तोवर जरा दम धर म्हणाला."

भीमाने मला सगळं बोलू दिलं. मध्ये हूं हूं करत होता.

मग म्हणाला, "मॅडम, आमचा आवाज बंद केल्ता. तुमचा समदा येत हुता तिकडं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला गेले, तर त्यानेच हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या की. न्हाय बी म्हनला असता त्यो, कोन काय करनार हुतं? कागदावर हाय म्हनला. तेवडं तरी हाय." त्याने डोळे पुसले, चालतच. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी जावा आता. अंदार पडला. घरी कुनीतरी वाट बगत आसंल तुमची."

"कोणी नाही," मी म्हणाले. त्या संध्याकाळी त्याला सांगितलेलं तेवढंच खरं होतं.