शकुनबाईच्या हातचं पाणी

सीमेवर लढाई पेटली होती. जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना गावापासून जवळच, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीतही मुलांना काही दिवस शाळेत बोलावलं होतं. धोक्याचा भोंगा वाजला की भिंतीशी कसं निजायचं, कान कसे झाकायचे, हे शिकवायचं होतं. त्यासोबत आरोग्य तपासणी आणि गरम खिचडी.

रुखमा अंगण झाडत होती. तिची नऊ वर्षांची करुणा चपला घालत असताना आजी, सुमित्राबाई, दारात आडवी आली.

"खिचडीले हात लावू नको. पाणीबी पिऊ नको तिथलं. शकुनबाई रांधते."

"आजी, मले भूक लागते ना!"

"घरी येऊन खाशीन. तिच्या हातचं खाल्लं तं घरात घेणार नाई."

शकुनबाई दलित वस्तीतली. शाळेत स्वयंपाकाला लागली तेव्हापासून गावातली अर्धी मुलं उपाशी उठत होती, आणि याची लाज कोणाला नव्हती. करुणाचा बाप टिकाराम शाळा समितीचा अध्यक्ष. त्या सकाळी तो मैदानावर झेंड्याखाली छाती काढून बोलला, "या घडीले आपण सारे एक! कोणी लहान नाई, कोणी मोठा नाई!" पोरांनी टाळ्या पिटल्या. शकुनबाई चुलीपाशी तांदूळ निवडत ऐकत होती.

नर्स उर्वशीने करुणाची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त कमी आहे हिचं. आज पोटभर जेव, पाणी पीत राहा," ती म्हणाली. करुणाने मान हलवली आणि ताटाकडे पाठ करून बसली.

सराव लांबला. टिनाच्या छपराखाली खोली भट्टीसारखी तापली होती. दुसऱ्यांदा भोंगा वाजला, मुलं पळाली, आणि करुणा दारातच कोसळली.

सगळ्यांत आधी पोचली शकुनबाई. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. करुणाने डोळे उघडले, ओठ कोरडे पडले होते. उर्वशीने मीठ-साखरेचं पाणी ढवळून पेला शकुनबाईच्या हाती दिला. तेवढ्यात टिकाराम धावत आला आणि त्याने पेला हाताने उडवला.

"थांबा! मी घरून पाणी आणतो."

"अहो, तोवर काय होईल कळतं का तुम्हाला?" उर्वशी किंचाळली.

"पेऊ द्या जी पोट्टीले," शकुनबाई हात जोडून म्हणाली. "मंग मले काय बोलाचं थे बोला."

टिकाराम घराकडे वळलाच होता. बातमी ऐकून आलेल्या रुखमाने हे सारं पाहिलं. तिने मातीत पडलेला पेला उचलला आणि शकुनबाईपुढे धरला. "भर बाई. तूच पाज."

थबकलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. करुणा घोट घोट प्यायली. थोड्या वेळाने शकुनबाईने खिचडीही भरवली, आणि रुखमाने त्याच ताटात हात घातला. व्हरांड्यात जमलेली बायामाणसं तोंडाला पदर लावून बघत राहिली.

पोरीला कडेवर घेऊन रुखमा घरी आली तेव्हा खबर लागलेली सुमित्राबाई उंबऱ्यात गोमूत्राने भरलेला गडवा घेऊन उभी होती. अजून धड उभं राहता न येणाऱ्या लेकराच्या तोंडावर तिने ते शिंपडलं. करुणाला उलटी झाली.

"आता दोघीयनं आंग धुवा, मंग आत या," सासू म्हणाली.

रुखमाने पदराने लेकीचं तोंड पुसलं. "मी नाई येत, मामी. माही पोट्टी विटाळली नाई. घाण तुमच्या गडव्यात हाय."

लेकीला घेऊन ती तशीच शाळेत परतली. उर्वशीने करुणाला पंख्याखाली निजवलं. संध्याकाळी टिकाराम आला, दारातच थांबला. "चाल घरी. लोक हासून राहिले."

"उद्यापासून करुणा इथं जेवणार. सगळ्यायच्या पंगतीत, शकुनबाईच्या हातचं. हे आपल्या मायले सांगून या, मंग मी घरी येईन."

"तुले घर मोडाचं हाय काय?"

रुखमा काही बोलणार, तोच करुणा कुशीवर वळली. तिने बापाकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "बाबा, खरंच बॉम्ब पडला असता अन् शकुनबाईनं मले उचलून घरी आणलं असतं, तं आजीनं दार उघडलं असतं काय?"