दारापर्यंतचा विमा

प्रफुल्ल गांगुर्डेने फुटपट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली, तेवढ्यात टाइम ऑफिसच्या दारात कोणीतरी चपला काढल्या. आत शिरताना चपला काढणारं माणूस कारखान्यातलं नसणार, हे त्याला मान वर न करताही कळलं. सातपूरच्या त्या कारखान्यात एवढा मान वर्षातून एकदा, तोही गणपतीलाच मिळे.

आलेली बाई फिटर देवराम भोयेची बायको होती, फुलाबाई. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून पहिल्या एसटीने ती आली होती. प्रफुल्लने खुर्ची पुढे केली, तर तिने ती हाताने बाजूला सारली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आपण तेवढे खुर्चीत बसलोय याची प्रफुल्लला उगाचच लाज वाटली, पण त्याचे कागद टेबलावर होते.

कागद विम्याचे होते. ते अठ्ठ्याण्णव साल होतं. कंपनीने जर्मनीत पत्रे दाबायचा एक जुना प्रेस विकत घेतला होता. तो खोलून, भागाभागावर खुणा करून, पेट्यांत भरून पाठवायला दोन माणसं तीन आठवडे तिकडे जाणार होती. इंजिनियर अमित दाणी आणि देवराम. बोलायचं अमितने आणि काम करायचं देवरामने, अशी सरळ वाटणी होती. त्यांच्या प्रवासाचा विमा निवडायचं काम मोठ्या साहेबांनी प्रफुल्लच्या गळ्यात टाकलं होतं, कारण छापलेला कागद शेवटपर्यंत वाचणारा त्यांच्याकडे तो एकटाच. बाकीचे हजेरी कार्डामागची सूचनाही वाचत नसत, आणि हा गृहस्थ बिस्किटाच्या पुड्यावरचा पत्तासुद्धा सोडत नसे.

एजंट भिकन अहिरे दोन पॉलिस्या ठेवून गेला होता. स्वस्तातली आजारपणापुरती. महागातली आजारपण धरून बॅग हरवली, विमान चुकलं, पासपोर्ट गेला, दाढ ठणकली, अशा सतरा संकटांची. साहेबांचा कल अर्थातच स्वस्तातलीकडे होता. अमितला फक्त बॅगेची काळजी होती. देवरामने अठरा वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली नव्हती. आणि प्रफुल्ल ताकही फुंकून पिणारा, त्यामुळे आठवडा झाला तरी त्याचं मत बनलं नव्हतं.

फुलाबाईने पाणी पिऊन भांडं पालथं ठेवलं.

"एकच इचारायचं हाय साहेब. त्यो तिकडं मेला, तर आणणार कसा?"

असं अभद्र बोलू नये, असं प्रफुल्ल म्हणू लागला. ती त्याचं बोलून होईपर्यंत थांबली आणि मग शांतपणे तिने सांगितलं ते असं: तिचा चुलतसासरा गुजरातेत धरणाच्या कामाला गेला होता. तो तिथेच वारला, आणि बरोबरच्यांनी त्याला तिथेच कुठेतरी मातीआड केलं. जागा कोणाला नीट सांगता आली नाही. चुलतसासू पुढची अकरा वर्षं त्याचं ताट वाढत राहिली, कारण मेलेला कोणी पाहिलाच नव्हता. फुलाबाईला नवऱ्याला अडवायचं नव्हतं. जावं, बघावं, पण ती ताट वाढत बसणार नव्हती. उत्तर मिळालं तर देवराम जाणार, नाही मिळालं तर नाही. तसं दोघांचं ठरलं होतं.

देवराम गेला नाही, तर जर्मनीहून प्रेस येणार नव्हता, भंगार येणार होतं. त्याने फुटपट्टी घेतली आणि स्वस्त पॉलिसीतला बारीक मजकूर शोधला. त्यात मृत्यू आल्यास अंत्यसंस्काराचा खर्च मिळेल असं होतं, मात्र तो त्याच देशात. खोटं वाचायची सवय नसल्यामुळे त्याने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. फुलाबाई उठून चपला शोधू लागली.

"थांबा, दुसरीत आहे," तो घाईने म्हणाला. "पार्थिव मायदेशी आणलं जाईल."

"मायदेशी म्हंजे कुठवर?"

"मुंबईच्या विमानतळापर्यंत."

"आमचं घर मुंबईला नाय."

प्रफुल्लने भिकनला फोन लावला. भिकन म्हणाला, आजवर मुंबईच्या पुढचं मला कोणी विचारलेलं नाही, मुंबईला प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंच. मग प्रकरण मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलं. तो प्रेस आणायला चाललाय की मरायला, असं साहेबांनी विचारलं. प्रफुल्लने खालच्या आवाजात सांगितलं की दुसऱ्या गोष्टीची व्यवस्था झाल्याशिवाय पहिली होणार नाही. साहेबांनी कपाळावर हात मारला, महागाची पॉलिसी मंजूर केली, आणि मुंबईहून पुढे कंपनीची जीप जाईल असं पत्र द्यायला सांगितलं.

ते पत्र प्रफुल्लने तीनदा टाइप केलं. पहिल्यांदा नाशिकपर्यंत. फुलाबाईने मान हलवली. दुसऱ्यांदा पेठपर्यंत. फुलाबाई म्हणाली, पेठपासून पुढं तीन कोस, त्यात ओहळ लागतो. तिसऱ्यांदा त्याने 'राहत्या घराच्या दारापर्यंत' असं लिहिलं, खाली साहेबांची सही घेतली, शिक्का मारला आणि दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पत्र दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलं, चहा घेतला आणि गेली.

त्या दिवशी प्रफुल्ल घरी तरंगतच आला. नोकरीत पहिल्यांदाच त्याने असं काम केलं होतं की कुठेही भोक राहिलं नव्हतं. त्याने ते बायकोला, तृप्तीला, सविस्तर सांगितलं. दुसऱ्याच्या मरणाची सोय झाल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय, असं म्हणून ती पोळ्यांकडे वळली.

देवराम आणि अमित गेले. पुढचे तीन आठवडे ऑफिसात फोन वाजला की प्रफुल्ल सगळ्यांच्या आधी धावे. कुठे काही अडलं नाही, की कोणी शिंकलंसुद्धा नाही. गुरुवारी पॉलिसीची मुदत संपली. प्रफुल्लने फाइलची नाडी बांधली आणि ती कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवली.

शुक्रवारी पहिल्या पाळीला आला, तर टाइम ऑफिसपुढे बॅग खांद्यावर घेऊन देवराम उभा. डोळे तांबारलेले, अंगात कंपनीने दिलेला स्वेटर, आणि तो आपलं हजेरी कार्ड शोधत होता. अमितला न्यायला त्याच्या सासरची माणसं विमानतळावर गाडी घेऊन आली होती, ती त्याला हार घालून ठाण्याला घेऊन गेली. देवरामने विचारत विचारत दादर गाठलं आणि नाशिकची एसटी धरली. घरी जायच्या आधी हजेरी लावावी, म्हणून तो आधी कारखान्यात आला होता.

"तुम्हाला घ्यायला कोणी आलं नव्हतं?"

"पत्रात तसं नव्हतं ना साहेब," देवराम म्हणाला. त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते प्रफुल्लला जास्त लागलं.

मेलेल्या देवरामसाठी दारापर्यंत जीप होती, आणि जिवंत देवरामसाठी साधी रिक्षासुद्धा नव्हती. फुटपट्टी लावून ओळन् ओळ तपासणाऱ्या प्रफुल्लच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या सकाळी कळलं. साहेब यायचे होते. त्यांना न विचारता त्याने गेटपासवर स्वतःची सही ठोकली, कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर बोलावला, देवरामला पुढे बसवलं आणि स्वतः मागे चढला.

जर्मनीत कसं काय वाटलं, असं त्याने वाटेत विचारलं. थंडी लय, पण मशीनच्या तेलाचा वास आपल्यासारखाच, एवढं सांगून देवराम झोपला तो घाट उतरेपर्यंत. जाग आल्यावर मात्र तो चुळबुळ करू लागला. पाड्याकडे कच्चा रस्ता वळतो तिथे त्याने ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला.

"हितं थांबवा. मी चालत जातो."

"अजिबात नाही," प्रफुल्ल म्हणाला. "दारापर्यंत लिहिलंय, दारापर्यंतच सोडणार."

"त्येच म्हणतोय साहेब. गुरुजींनी ते पत्र सगळ्या पाड्याला वाचून दाखवलंय. कंपनीची जीप कशाला येणार, ते पोरासोरांना पाठ हाय."

प्रफुल्लने मान बाहेर काढून वर पाहिलं. उतारावरच्या मोकळ्या खाचरांत भाताच्या रोपाची जमीन भाजायच्या राबासाठी पालापाचोळा पसरणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या आणि जीपच्या धुरळ्याकडे बघत होत्या. त्यांतली एक पाटी तिथेच टाकून पाड्याकडे धावत सुटली.

देवरामने उडी मारली, बॅग खांद्याला लावली आणि जीपच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध चालू लागला. लांबून ओळखू यावं म्हणून त्याने तो कंपनीचा स्वेटर काढून कमरेला बांधला. मधूनमधून तो हात वर करत होता. जीप पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागून सरकत होती. ओहळातही तो पुढेच राहिला, पँट गुडघ्यापर्यंत भिजली तरी. ड्रायव्हरला हसू आवरेना, पण प्रफुल्लला हसता आलं नाही. आपण चांगुलपणाने एका बाईच्या दारात काय घेऊन चाललो आहोत, ते त्याला उशिरा का होईना दिसलं होतं.

अंगणात सगळा पाडा जमला होता. फुलाबाई दारात उभी होती. तिने देवरामला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. जवळ येऊन त्याचा दंड चाचपला, मग दुसरा. तिचा चेहरा काही सैल झाला नाही. त्याच्या खांद्यावरून तिने मागे उभ्या असलेल्या जीपकडे बघितलं.

"मंग हिच्यात कोण हाय?"

प्रफुल्ल खाली उतरला, त्याने जीपचं मागचं दार सताड उघडलं आणि तो बाजूला झाला. फुलाबाईने आत वाकून पार कोपऱ्यापर्यंत पाहिलं. जीप रिकामी आहे याची खात्री झाल्यावरच ती रडायला लागली.