तेवीस अंगठे

सरळच सांगायचं तर चूक ताईचीच होती. हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून असलेल्या खोलीत ती गेलं वर्षभर तिथल्या कामगारांना लिहायला-वाचायला शिकवत होती. दुपारी तीन ते चार, दोन पाळ्यांच्या मधल्या तासात. काम एका सेवाभावी संस्थेचं, म्हणजे उत्साह भरपूर आणि बाकी सगळं बेताचं. वर्ग सुरू झाला त्या दिवशी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यायचा होता. पण त्या दिवशी खडूच नव्हते, फळा भिंतीवरून निसटत होता आणि तेवीस माणसं पाळी संपवून घामाघूम होऊन बसली होती. फॉर्म उद्या घेऊ, असं ती म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही.

आणि आता देणगीदारांनी नेमके तेच फॉर्म मागितले होते, शुक्रवारी पाचच्या आत. संस्थेच्या मॅडम काही वाईट बाई नव्हत्या, पण असे चार वर्ग सांभाळता सांभाळता त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. त्यांनी ताईला समोर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं की ही माणसं आधी निरक्षर होती ह्याचा कागद नसेल तर आपण शिकवलं ह्याला पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर पुढच्या वर्षी वर्ग नाही. गेल्या वर्षीची तारीख घाल, अंगठे घे आणि विषय संपव.

अंगठे घ्या म्हणे! ज्यांचे हात धरधरून सही शिकवली, त्यांच्याकडूनच. ताई घरी आली ती धुसफुसत. आईने जेवायला हाक मारली तर तिच्यावरच खेकसली, मग वाईट वाटून भांडी घासत बसली, तीही आधीच घासलेली. नोकरी गेली का, असं आईने विचारलं. नाही म्हटल्यावर, मग असा चेहरा का, म्हणाली.

गुरुवारी वर्गात तिने एवढंच सांगितलं की संस्थेचा एक कागद आहे, अंगठा लागतो. वर्षभर सही गिरवली आणि शेवटी आपण अंगठेबहाद्दरच, असं लिफ्टवाला म्हणाला आणि सगळे हसले. ताईही हसली, जरा जास्तच मोठ्याने. मग एकेक जण पुढे आला, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उठवला आणि युनिफॉर्मला पुसत जागेवर गेला. दहा मिनिटांत बावीस झाले. वाचला कुणीच नाही. ताईने आणलाय ना कागद, मग झालं की! तिला तेच सलत होतं. पाय एका जागी ठरेनात, उगाच डस्टर उचलून ठेवत होती.

राहिल्या मावशी. साठीला आलेल्या, अठ्ठावीस वर्षं एकाच वॉर्डाची फरशी पुसणाऱ्या. रोज पुसायच्या त्या पाटीवर ‘शांतता राखा’ लिहिलंय, हे त्यांना गेल्या महिन्यात कळलं, तर दोन दिवस बिचाऱ्या खजील. इतकी वर्षं मी तिथेच बादली आपटत होते गं, म्हणायच्या.

मावशींनी चष्मा लावला आणि कागद डोळ्यांपाशी धरला. ताई घाईने पुढे झाली.

“मावशी, वाचायची गरज नाही. नेहमीचंच आहे.”

मावशींनी मान वर केली, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि परत कागदावर बोट ठेवलं. वाचल्याशिवाय कशाला बोट लावायचं नाही, हे ताईनेच त्यांना शिकवलं होतं. त्या वर्गात आल्याच त्यापायी. धाकट्या दिराने अंगठा घेऊन राहती खोली परस्पर आपल्या नावावर करून घेतली होती. आता त्या बहिणीकडे राहत होत्या, दोन कपाटांच्या मधल्या जागेत.

बोट नावावरून सरकलं. वयावरून सरकलं. मावशींना मनात वाचता यायचं नाही, ओठ हलायचेच. कागद ओढून घ्यावा असं ताईला वाटलं, हात पुढे गेलाही, पण धीर झाला नाही. बोट चौथ्या ओळीवर आलं.

“मला... लि-हि-ता... वाच-ता... येत नाही.”

एकही अक्षर चुकलं नव्हतं. मावशींनी ते पुन्हा वाचलं, ह्या वेळी एका दमात. पलीकडे धुलाईचं यंत्र घरघरत होतं. मग लिफ्टवाल्याने हात पुढे करून आपला कागद मागितला. मागोमाग दुसऱ्याने. ताईने गठ्ठाच पुढे केला. कुणी अडखळत, कुणी भरभर, सगळी खोली तेच वाक्य वाचायला लागली. मला लिहिता-वाचता येत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी आनंदाने तिला रडू आलं असतं.

मग तिने सगळं सांगून टाकलं, राहिलेले फॉर्म, शुक्रवार, वर्ग, सगळं. “मी तुम्हाला फसवत होते,” ती म्हणाली. “मला फार लाज वाटतेय.”

सगळे तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

“अंगठा दिला तर वर्ग चालू राहील?” मावशींनी विचारलं.

“हो.”

“हिची जोडाक्षरं व्हायचीत अजून,” मावशी शेजारच्या धुलाईवालीकडे बघून म्हणाल्या. त्यांनी स्वतःच पॅड ओढला आणि अंगठा उठवला, अगदी नीट, चौकटीच्या आत. बाकीच्यांनीही कागद परत केले.

“दीरही असंच म्हणाला होता,” मावशी चष्मा काढत म्हणाल्या. “वाचायची गरज नाही, नेहमीचंच आहे.”

शुक्रवारी चार वाजता फॉर्म पोचले. वर्ग मंजूर झाला, मॅडमनी फोनवर शाबासकी दिली.

सोमवारी ताईने हजेरीचा कागद फिरवला. मावशींनी तो हातात घेतला, मथळ्यापासून तळापर्यंत वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं आणि मग सही केली. कागद लिफ्टवाल्याकडे गेला. त्यानेही उलटून बघितला. तेवीस जणांचं होईपर्यंत अर्धा तास गेला. ताई खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होती, आणि जरा लवकर करा म्हणायला तिला तोंड नव्हतं.